आणि पार्टी

माझा मावसभाऊ परदेशी निघाला तेव्हा घरातले सामान त्याने नातेवाइकांत वाटून टाकले. कोणाला मिक्सर मिळाला, कोणाला खुर्च्या. माझ्या वाट्याला एक काळी पेटी आली. विटेपेक्षा थोडी मोठी, जड. आत 16 गाण्यांच्या तबकड्या आणि एक चित्रफितींची. इंग्लंडमधल्या बीटल्स या चार जणांच्या गटाची ही सगळी गाणी, 9 सप्टेंबर 2009 रोजी नव्याने साफसूफ करून एकत्र बाजारात आलेली. भाऊ म्हणाला, "तू गाण्यांवर बोलत असतोस, तूच ठेव. ह्यात त्यांचे सगळे आहे. संपूर्ण."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेतला शिक्षक. इंग्रजी गाणी कानावरून गेलेली, मनात मुरलेली नव्हेत. तरी वळसंगला घरी आणून जुन्या डीव्हीडी प्लेअरवर रात्री एकेक तबकडी लावू लागलो. एका रात्री माझे मामू आले. आईचे थोरले भाऊ, वय 74, सोलापुरात चादरीच्या कारखान्यात हयात गेलेली. उमेदीच्या काळात एका कव्वाली पार्टीत ते टाळी द्यायचे आणि उचल करायचे. मुख्य कव्वालाने ओळ टाकली की ती मागून उचलून धरणारे जे पाच-सात जण असतात, ज्यांना हमनवा म्हणतात, त्यांतले एक. हैद्र्याच्या उरुसापासून गुलबर्ग्यापर्यंत फिरलेले.

मामूंनी पेटी हातात घेतली, उलटसुलट केली. चष्मा पुसून चारही चेहरे पाहिले. मी सांगितले की हे चौघेच लिहायचे, चौघेच वाजवायचे, चौघेच गायचे. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "इसमें पार्टी किधर है रे?"

मला हसू आले. पण हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मागे लागला आहे आणि हा लेख त्याच्याचमुळे लिहीत आहे. (गाणे-बजावणे जायज की नाजायज, हा वाद मी येथे काढत नाही. तो जुना आहे आणि माझ्यापेक्षा जाणती माणसे त्यावर बोलली आहेत. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. गाणे झाले, लोकांनी ऐकले, त्यावर पैसा झाला. मग ज्यांनी ते केले त्यांचा त्यावर हक काय?)

जुन्या रेकॉर्डी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना 'आणि पार्टी' हे शब्द आठवतील. तव्याच्या मधोमध गोल कागद, त्यावर गायकाचे नाव आणि पुढे 'आणि पार्टी'. 1958 साली 'अल हिलाल' चित्रपटातली एक कव्वाली देशभर गाजली. तिच्या गायकाचे नाव इस्माईल आझाद. आजही जुने लोक ते नाव घेतात, आणि नाव घेताना सवयीने 'आणि पार्टी' असेच म्हणतात. त्या पार्टीत कोण होते? टाळ्या कोणाच्या? वरच्या पट्टीत उचल करणारा तो पातळ, धारदार आवाज कोणाचा? कव्वालीतून ती टाळी आणि ती उचल काढून टाका, मागे एकटा माणूस आणि एक हार्मोनियम राहील. त्याला कोणी कव्वाली म्हणणार नाही. म्हणजे ज्याच्यावाचून ती चीज ती चीजच राहत नाही, त्याला आपण दोन शब्दांत गुंडाळले.

मामूंच्या पार्टीची एकच कॅसेट निघाली होती, 1980 नंतरच्या दशकात, टेपरेकॉर्डर घरोघर आले तेव्हा. कव्हरवर मुख्य कव्वालाचा फोटो, हातात गुलाब. खाली नाव. त्याखाली बारीक अक्षरात 'व साथी'. प्रत्येक साथीदाराला शंभर रुपये आणि दुपारचे जेवण मिळाले होते. ती कॅसेट किती खपली हे मामूंना कधीच कळले नाही, आणि त्यांनी कधी विचारलेही नाही. लहानपणी त्यांनी मला ती ऐकवली होती. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या कव्वालीच्या शेवटाकडे त्यांनी बोट वर केले आणि म्हणाले, "येथे ऐक. हा मी." मी कान दिला. सगळ्यांचा सूर एका जागी थांबला होता आणि एकच आवाज अर्धा सूर वर घसरला होता. ती चूक होती. मामू हसत होते. एवढ्या सगळ्या कॅसेटमध्ये ते वेगळे ऐकू येतात ते फक्त तेथे, जेथे ते चुकले.

मग मी त्या काळ्या पेटीत पार्टी शोधू लागलो. आणि ती सापडली. तीही कोठे, तर मुंबईत.

पेटीत एक जोड-संच आहे, ज्यात मोठ्या अल्बमांबाहेरची सुटी गाणी जमवली आहेत. त्यात 'दि इनर लाइट' नावाचे एक छोटे गाणे आहे. जॉर्ज हॅरिसन हा त्या चौघांपैकी एक जानेवारी 1968 मध्ये मुंबईला आला. एका चित्रपटाचे संगीत त्याला भारतीय वादकांकडून करून घ्यायचे होते. फोर्ट भागात, फिरोजशाह मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. तेथे काम झाले. कलकत्त्याहून दोन पट्ट्यांचे स्टिरिओ यंत्र आगगाडीने आणावे लागले, असे हॅरिसनने पुढे सांगितले आहे. त्याच दिवसांत, 12 जानेवारीला, या गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. सरोदवर आशिष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सोबत आणखी वादक. मग ती फीत लंडनला गेली, फेब्रुवारीत तीवर हॅरिसनने शब्द गायले, आणि मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला गाणे बाजारात आले. तबकडीवर गटाचे नाव होते आणि रचनाकार म्हणून हॅरिसनचे. मुंबईच्या वादकांपैकी एकाचेही नव्हते. गाणे पुन्हा ऐकून पाहा: त्या चौघांपैकी एकाचेही वाद्य त्यात नाही. गटाच्या नावावर गाणे, आणि सगळी वाजवणूक पार्टीची! चित्रपटाच्या संगीताची तबकडी त्याच वर्षी वेगळी निघाली, तिच्यावर मात्र वादकांची नावे छापली गेली. म्हणजे नावे ठाऊक नव्हती असे नाही. जेथे हॅरिसनचे एकट्याचे काम होते तेथे नावे आली. जेथे गटाचे मोठे नाव होते तेथे ती गळाली. नाव जितके मोठे, त्याच्या सावलीत तितकी जास्त माणसे नाहीशी होतात की काय, असे मला वाटून गेले.

त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट आणखी बोलकी आहे. 1967 च्या 'सार्जंट पेपर' या अल्बमच्या मुखपृष्ठावर माणसांची ही गर्दी आहे. कवी, नट, मुष्टियोद्धे, हिंदुस्थानातले योगी. गांधीजींचेही चित्र त्यात होते, कंपनीने आक्षेप घेऊन ते काढायला लावले. मागच्या बाजूला गाण्यांचे सगळे शब्द छापलेले. एवढी जागा होती. आत एक गाणे भारतीय वाद्यांवर बांधलेले आहे. लंडनमध्ये आयाना अंगडी नावाच्या गृहस्थांनी एशियन म्युझिक सर्कल ही संस्था चालवली होती (अंगडी हे आडनाव आमच्या सीमाभागात कोणाला परके वाटणार नाही), तिच्यामार्फत आलेल्या वादकांनी दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवला. त्यांची नावे छापली गेली नाहीत. अल्बमला 50 वर्षे झाली तेव्हा, 2017 मध्ये, ती जगापुढे आली: अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी. पन्नास वर्षे लाखो घरांत त्यांचा गज फिरत होता, तबला वाजत होता, आणि ऐकणाऱ्याला ते कोण हे ठाऊक नव्हते. 2009 ची माझी ही 'संपूर्ण' पेटी त्या शोधाच्याही आठ वर्षे आधीची.

आता यावर जो आक्षेप येतो तो मला मामूंनीच घेतला, म्हणून तो मी हलका समजत नाही. ते म्हणाले, "चाळीस वर्षे मी चादरी विणल्या. एका तरी चादरीवर माझे नाव आहे काय? मजुरी ठरली, मजुरी मिळाली. लोक ती पांघरून झोपले. मग टाळीवरच नाव कशाला हवे?" खरे आहे. सोलापुरी चादरीला सरकारदरबारी भौगोलिक ओळखीची नोंद मिळाली, ती सोलापूरच्या नावाने, विणकराच्या नव्हे. विणकराचे नाव चादरीवर नसते आणि त्यात अन्याय झाला असे आपल्याला वाटत नाही. मग स्टुडिओत दिवसाची मजुरी घेऊन सरोद वाजवणाऱ्याचे दुखणे ते कोणते?

यावर मी बरेच दिवस अडलो. चादर आणि गाणे यांत फरक आहे, हे जाणवत होते; तो कोठे आहे हे सांगता येत नव्हते. आता मला असे वाटते की चादर विणून झाली की विणकर तिच्यातून बाहेर पडतो. ती पांघरताना त्याला पुन्हा काही करावे लागत नाही. मुद्रित झालेल्या गाण्याचे तसे नाही. जेव्हा जेव्हा ते लागते, तेव्हा तेव्हा तो माणूस पुन्हा टाळी देतो. तोच श्वास, तोच तळहात, त्या दुपारची तीच दमछाक. मामूंचा गळा आज बसला आहे, बोटे वाकडी झाली आहेत. पण कॅसेट लावली की बत्तीस वर्षांचे मामू पुन्हा कामाला उभे राहतात. शंभर रुपयांत एका दिवसाचे काम ठरले होते. काम मात्र संपलेलेच नाही. ज्याला आपण न विचारता, न बोलावता, त्याच्या म्हातारपणी आणि मेल्यावरही कामाला लावतो, त्याला निदान नावाने ओळखणे ही मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक आहे.

कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले हे शोधताना एक गंमत हाती लागली. गंमत म्हणतो, पण हसू येत नाही. 2012 साली आपल्या देशात कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही मानधनाचा चालू वाटा मिळण्याची सोय त्यात झाली. पुष्कळांनी त्यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले होते आणि ते योग्यच होते. पण त्याच दुरुस्तीत चित्रपटापुरती एक अट आहे. ज्याचा सहभाग किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, तो कायद्याच्या लेखी कलावंत धरला जाणार नाही. त्याच्या कामाची कोणी बदनामीकारक मोडतोड केली तर तेवढ्यापुरती तक्रार मात्र त्याला करता येईल. जरा उलगडून पाहा. हक मिळायला नाव हवे. आणि नाव न देण्याचा रिवाज असेल तर हक नाही. ज्याने नाव गाळले त्याच्या गाळण्यालाच पुरावा मानून गाळलेल्याला बाहेर ठेवायचे! वर्गात एखाद्या मुलाचे नाव हजेरीपटावर लिहायला मी विसरलो, आणि मग पटावर नाव नाही म्हणून त्याला वर्गाबाहेर उभे केले, तर पालक मला काय म्हणतील?

आपल्याकडे हक दोन प्रकारचे मानतात. एक अल्लाहचा, तो माफ करणे न करणे त्याच्याकडे. दुसरा बंद्यांचा, हुकूक-उल-इबाद. तो ज्याचा बुडाला त्यानेच माफ केला पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या माफीने तो फिटत नाही. लहानपणी मदरशात हे ऐकले तेव्हा उसनवारीचे पैसे, शेजाऱ्याच्या बांधावरची जमीन एवढेच डोळ्यांपुढे आले होते. नावाचे देणे त्यात येते असे वाटले नव्हते. पण नाव हेही देणेच आहे, आणि अडचण ही की या देण्याचे सावकार बहुतेक मेलेले असतात. मेलेल्याची माफी कोठून आणायची?

अशा वेळी उशिरा का होईना देणे फेडणे, एवढाच मार्ग उरतो. आणि येथे त्या पेटीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. 'सगळे जमवा, काही गाळू नका' हा हट्ट मला आधी श्रीमंतांचा छंद वाटला होता. चुकलेले मुद्रण, टाकून दिलेले प्रयत्न, बडबड, खोकला, हे कोणाला हवे? पण बीटल्सच्याच बाबतीत या हट्टाने एका माणसाचे देणे फिटले. रिंगो स्टारच्या आधी त्यांच्या गटात पीट बेस्ट नावाचा ड्रमवादक होता. दोन वर्षे त्यांच्याबरोबर राबला. ऑगस्ट 1962 मध्ये, नशीब उघडायला काही आठवडे उरले असताना, त्याला काढले. मग चौघे जगज्जेते झाले आणि तो लिव्हरपूलमध्ये सरकारी रोजगार कचेरीत वीस वर्षे नोकरी करीत राहिला. बेकारांना काम शोधून देणे हे त्याचे काम. 1995 मध्ये जुनी, न निघालेली मुद्रणे जमवून 'अँथॉलॉजी'चा पहिला संच निघाला. त्यात दहा गाण्यांवर ड्रम त्याचा होता. तेहतीस वर्षांनी त्याला त्याच्या वाजवण्याचे पैसे मिळाले. 'फक्त उत्तम तेवढेच ठेवू' असे म्हटले असते तर ते कधीच मिळाले नसते, कारण ती गाणी काही उत्तम नव्हेत. उत्तमाची निवड नेहमी जिंकलेल्याच्या बाजूने होते. सगळे जमवायचे म्हटले की हरलेलाही आत येतो.

पण त्याच संचाचे मुखपृष्ठ पाहा. जुनी पोस्टरे एकावर एक चिकटवून फाडल्यासारखे चित्र आहे. त्यात गटाचा जुना फोटो आहे, ज्यात पीट बेस्ट उभा होता. नेमका त्याचा चेहरा फाटलेला आहे आणि त्या भोकातून रिंगोचा चेहरा डोकावतो. चित्रकाराची कल्पना असेल, थट्टा असेल. पैसे दिले, आवाज घेतला, चेहरा फाडला. 2008 साली बेस्टने आपल्या स्वतःच्या गटाचा अल्बम काढला तेव्हा मुखपृष्ठावर तोच फाटलेला तुकडा लावला. मला त्याचे फार कौतुक वाटले. पैसे मिळूनही माणसाला आपला तुकडा परत हवा असतो.

मामूंना मी हे सगळे सांगितले. त्यांना ते फारसे पटले नाही. ते म्हणाले की हमनवाचा इमानच मिसळून जाण्यात असतो. जो साथीला बसून आपला आवाज वेगळा ऐकवू पाहतो त्याला उस्ताद उठवून लावतो. "आम्ही सात जण एक गळा होतो. आता तू त्यातून मला वेचून काढणार, तर बाकी सहांचे काय?" मी त्यांना सांगितले की आता तशी यंत्रेही निघाली आहेत. 2023 साली बीटल्सचे एक शेवटचे गाणे आले; लेननने मरण्यापूर्वी काही वर्षे घरी कॅसेटवर पियानोसह गाऊन ठेवलेले. पियानोत बुडालेला त्याचा आवाज यंत्राने वेगळा उचलला. (म्हणजे माझी 'संपूर्ण' पेटी अपुरीच ठरली, ती वेगळीच गोष्ट.) उद्या कव्वालीच्या जुन्या फितीतून प्रत्येक टाळी वेगळी करता येईल. मामू म्हणाले, "टाळी वेगळी केली तर ती टाळी राहील, साथ राहणार नाही."

हे म्हणणे मला मोलाचे वाटते. गाण्यात विरघळणे हा त्यांचा धर्म होता आणि तो त्यांनी पाळला. पण त्यांनी स्वतःला विसरावे हे वेगळे आणि आपण त्यांना विसरावे हे वेगळे. देणाऱ्याने म्हणावे की मला पावती नको. घेणाऱ्याने ते म्हणू नये. गाणाऱ्याच्या नम्रतेचा फायदा कागद लिहिणाऱ्याने का उचलावा? आपल्या परंपरेत तर लिहिणाऱ्यावर याची सक्त जबाबदारी होती. हदीस नुसती सांगून चालत नसे. कोणी कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून, ही सगळी साखळी आधी सांगावी लागे. आणि त्या साखळीतली माणसे कोण, कोठली, किती भरवशाची, हे नोंदवायला एक अख्खे शास्त्र उभे राहिले, अस्मा-उर-रिजाल, म्हणजे माणसांच्या नावांचे शास्त्र. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात दोन-चार वाक्ये पुढे पोचवली, एवढेच त्यांचे काम. तरी त्यांची नावे ग्रंथांत आहेत. ज्या समाजाने शब्द पोचवणाऱ्याचे नाव इतके जपले त्याच समाजातल्या कव्वालांच्या रेकॉर्डीवर 'आणि पार्टी' लिहिले गेले आणि कोणाला खटकले नाही.

आपल्याच जिल्ह्याकडे वळतो. शाहीर अमर शेख बार्शीचे, 1916 चा जन्म. आपल्या साहित्य संमेलनांत त्यांचे नाव आदराने निघते. 1944 साली त्यांनी, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी मिळून लाल बावटा कलापथक उभे केले. एक मुसलमान, एक मातंग, एक आणखी वेगळ्या घरातला, आणि पुढे गिरणीकामगारांचा समुद्र. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या आवाजांनी सभा हलवल्या. पण ते सगळे मैदानावर झाले. जुन्या तव्याच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. पोवाड्याचा नुसता गण-मुजरा त्यात संपेल. 1969 साली अपघातात अमर शेख गेले तेव्हा त्यांच्या गाण्यातले फार थोडे यंत्रात उतरलेले होते. समजा, उद्या कोणी उमेदीने हिंडून, जुन्या फिती गोळा करून, लाल बावट्याची अशी एक पेटी काढली. काढावी, मी पहिला विकत घेईन. तिच्यावर तीन नावे येतील. आणि डफ कोणाचा? तुणतुणे कोणाचे? शाहिराला दम घेता यावा म्हणून मागून 'जी जी' धरणारे ते झीलकरी कोण? परळ-लालबागच्या चाळींतले कामगारच असतील बहुतेक, पाळी संपवून आलेले. समतेचे गाणे गाणाऱ्या पथकाच्या पेटीवरही तीन नावे 'आणि साथी' छापून आले, तर ते मला कोणत्याही कंपनीच्या कारभारापेक्षा जास्त लागेल.

इतके दुसऱ्यांबद्दल लिहिल्यावर आपले सांगितलेच पाहिजे. मी पूर्वी तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेत होतो. नोकरीची पहिलीच वर्षे. समूहगीताच्या स्पर्धेत आमच्या बारा मुलींचा दुसरा नंबर आला. शाळेच्या भिंतीवर यशाचा फलक होता, तो रंगवून घेण्याचे काम माझ्याकडे. रंगारी अक्षरावर पैसे घेणार होता. मी मुख्य आवाजाच्या मुलीचे नाव दिले आणि पुढे लिहायला सांगितले, 'और दीगर 11'. आणि इतर 11. मला त्यात काही वावगे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत एक मुलगी फलकापुढे उभी होती. सहावीतली. बराच वेळ वाचून माझ्याकडे आली आणि विचारले, "सर, दीगर में मैं हूँ क्या?" मी म्हटले, "हो, हो, तू आहेसच." ती खूश होऊन गेली. मलाही बरे वाटले, हे कबूल करतो.

मामूंच्या त्या रात्रीनंतर मी बसून त्या बारा मुलींची नावे लिहून काढली. तेव्हाच्या मुख्याध्यापकांना फोन करून विचारले की फलक पुन्हा रंगवला तर चालेल काय, खर्च माझा. ते म्हणाले, खुशाल रंगवा. मुख्य आवाजाची मुलगी आता सोलापुरात कॉलेजला आहे, तिने काही नावे सांगितली. अशी अकरा झाली. बारावे आठवेना. राहिलेली ती कोण हे मला पक्के ठाऊक आहे. तिचा प्रश्न शब्दाशब्दाने आठवतो, ओढणीचा पिवळा रंग आठवतो. कॉलेजातली मुलगी म्हणाली, "हां सर, ती माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. सूर पक्का होता तिचा. यंत्रमागाच्या कामासाठी तिचे घरचे भिवंडीला गेले, सातवीच्या आधीच. नाव…" आणि तीही थांबली.

त्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहायला पुढच्या शनिवारी जाणार आहे. दाखला काढून गेलेल्या मुलींची नावे त्यात असतील, त्या वर्षी चार-पाच जणी तरी गेल्या होत्या. त्यांतली ती कोणती, हे रजिस्टरात लिहिलेले नसते. रंगाऱ्याला मी थांबायला सांगितले आहे.